समुद्रातल्या मासळीचा हिशेब बोटीवरच लिहायला हवा का?

दांडियाबाजार (धागाकर्ता)

गेल्या रविवारी पापलेट घ्यायला गेलो होतो. थाळीतलं सगळ्यात मोठं पापलेट जेमतेम माझ्या तळहाताएवढं होतं. विकणाऱ्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "वेरावळचा माल आहे भाऊ. मोठं असतं ते तिकडूनच बाहेर जातं." घेतलं, खाल्लं, पण मनातून गेलं नाही.

मी हिशेबतपासणीचं काम करतो. बँकांनी ज्या शीतगृहांना कर्ज दिलंय, तिथला तारण माल मोजायला वर्षातून तीनचार वेळा बडोद्याहून सौराष्ट्रात जाणं होतं. उणे अठरा अंशांच्या खोलीत अंगावर जाड कोट चढवून राणीमासा, वाकटी, माकूळ यांची खोकी मोजतो. या धंद्यात एक गोष्ट पक्की कळते. शिल्लक कितीही काटेकोर मोजली तरी आवक आणि जावक लिहिलेली नसेल तर ती शिल्लक म्हणजे एका दिवसाचा फोटो. माल वाढतोय की संपतोय, ते त्यातून समजत नाही.

समुद्राच्या बाबतीत तर शिल्लक मोजताच येत नाही. तिथे आपल्याकडे फक्त जावक आहे, म्हणजे पकड. तीच नीट लिहिली नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे. देशाची वर्षाची सागरी पकड साधारण ३५ लाख टन सांगितली जाते आणि गुजरात त्यात वर्षानुवर्षं पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असतो. पण हा आकडा बंदरावर उतरलेल्या मासळीचा आहे. ती कुठल्या पाण्यातून आली, जाळं किती वेळा टाकलं, आणि उतरण्याआधी किती मासळी परत समुद्रात फेकली, हे त्यात नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ट्रॉलर (जाळं ओढत नेणाऱ्या), पर्ससीन (थव्याला जाळ्याने वेढणाऱ्या) आणि मोठ्या गिलनेट (पाण्यात उभं जाळं लावणाऱ्या) बोटींनी प्रत्येक फेरीची नोंद बोटीवरच, त्या त्या दिवशी करावी. कुठे, किती ओढी (म्हणजे जाळं किती वेळा ओढलं), मुख्य जाती किती आणि फेकलेलं किती. मोबाइलवर करा, वहीत करा, पण करा. आणि डिझेलवर जी करसवलत मिळते ती या नोंदीशी जोडावी, कारण त्याशिवाय कोणी करणार नाही. सवलत सगळ्यांच्या पैशातून जाते. त्या बदल्यात हिशेब मागणं गैर नाही.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तिथल्या कॉड मासळीचे अंदाज वर्षानुवर्षं फुगलेले होते. त्यात मोठ्या ट्रॉलरच्या पकडीचे आकडे धरलेले असत आणि ट्रॉलरना तर शेवटपर्यंत भरघोस मासळी मिळत होती, कारण उरलेले थवे एकाच ठिकाणी गोळा होत होते. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं. दोन वर्षांपुरती म्हणून आलेली ती बंदी पुढे तीन दशकं लांबली.

ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा. पण "आपल्याकडे होणार नाही" एवढंच लिहू नका. का होणार नाही ते लिहा.

हिशेबनीस

लिहितो. वेरावळला एका बोटमालकाकडे अकरा वर्षं हिशेब लिहिला. मुलांच्या शिक्षणासाठी बडोद्याला आलो, तरी तीन बोटींचे हिशेब अजून फोनवर सांभाळतो.

तुम्ही खोकी मोजलीत साहेब, ओढ पाहिली नाहीत. दोनअडीच तासांनी जाळं वर येतं. डेकवर ढीग पडतो. त्यात वाकटी, राणी, माकूळ, कोळंबी, ढोमे, खेकडे, बोटाएवढी पिल्लं, चिखल, शंख, सगळं एकत्र. वीसपंचवीस जाती सहज. खलाशी उकिडवे बसून ते निवडतात, धुतात, बर्फात भरतात, आणि तोवर पुढची ओढ वर यायची वेळ होते. मधे तासदीड तास झोप मिळाली तर नशीब. हे आठदहा दिवस चालतं. हलत्या बोटीवर तराजू लागत नाही, टोपलीचा अंदाज असतो. त्या माणसाच्या हातात मोबाइल देऊन जातीनिहाय किलो भरायला सांगायचं?

दुसरं, जागा. तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसाची, सगळी पुंजी म्हणजे त्याला ठाऊक असलेल्या जागा. कुठल्या भरतीला, कुठल्या खोलीवर काय लागतं, हे त्याला बापाने किंवा जुन्या तांडेलाने शिकवलेलं असतं. ती जागा रोज सरकारी यंत्रात लिहायची, आणि ती बंदरावरच्या दुसऱ्या शेठच्या कानावर जाणार नाही याची हमी कोण देणार? तुमच्या व्यवसायात अशिलाची माहिती बाहेर गेली तर तुमचं प्रमाणपत्र जाऊ शकतं. इथे माहिती फुटली तर कोणाचं काय जाईल?

तिसरं आणि माझ्या मते मोठं. कॅनडात, आइसलँडमध्ये बऱ्याच बोटींना कोटा, म्हणजे किती पकडायचं याची मर्यादा, असतो, म्हणून तिथे किलोकिलोचा हिशेब लागतो. आपल्याकडे कोटाच नाही. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनारा बंद, ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस (जाळ्याचं भोक), आणि नोंदणी, परवाना, फेरीला निघण्याचं टोकन. आपलं नियमन मुख्यतः यावर चालतं. यातल्या कशासाठी तांडेलाचं लॉगबुक, म्हणजे बोटीवरची नोंदवही, लागतं, ते सांगा.

आणि डिझेलशी जोडाल तर काय होईल तेही सांगतो, कारण मी ते पाहिलंय. युरोपने १ जानेवारी २०१० पासून आयात मासळीला पकड-प्रमाणपत्र लागू केलं. बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, तारखा, जात. निर्यातदारांना ते कागद हवे होते, म्हणून बोटमालकांकडे वह्या आल्या. एका ठिकाणी मी असं पाहिलं की महिनाअखेरीला एक मुलगा टेबलाशी बसून सहा बोटींच्या सगळ्या फेऱ्या एका दुपारी लिहून काढायचा. एक पेन, एक अक्षर. त्या वह्यांवर सही-शिक्के झाले. मी तोंड उघडलं नाही, याची आजही बोच आहे. तुमची सक्ती आली की तो मुलगा पुन्हा टेबलाशी बसेल. आता वहीऐवजी मोबाइल असेल, इतकंच.

दांडियाबाजार

एक अक्षर, एक पेन हे वाचून पोटात गोळा आला. माझ्या कामात असे रजिस्टर रोज भेटतात. पण म्हणून आम्ही रजिस्टर बंद करा म्हणत नाही. ते कोण तपासतो ते बदलतो.

कोट्याबद्दल. बंदी ६१ दिवसांचीच का, ९० का नाही? आस ४० चाच का? नव्या बोटींची नोंदणी थांबवायची की नाही? हे सगळे निर्णय पकडीच्या आकड्यांवरच उभे आहेत. कोटा नाही म्हणून आकडा नको, हे पटत नाही.

मोजणीवाला

इतका वेळ वाचत होतो. दोघांच्याही मधे बोलायचं आहे, कारण ज्या आकड्यांवर तुम्ही भांडताय ते गोळा करण्यात माझी ३१ वर्षं गेली. आता कारेलीबागेत नातवंडांबरोबर असतो.

आधी एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडचे आकडे अंदाजपंचे नाहीत. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ पासून आहे आणि तिची नमुना-मोजणीची पद्धत जगात नावाजली जाते. २०१० च्या गणनेत देशात ३,२८८ सागरी मच्छीमार गावं आणि १,५११ उतरण केंद्रं होती. प्रत्येक केंद्रावर रोज माणूस बसवणं कोणालाच परवडणारं नाही. म्हणून महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग करतात. पहिल्या पाच दिवसांतली एक तारीख यादृच्छिक निवडतात आणि तिला जोडून पुढचे दिवस ठरतात. केंद्रावर पहिल्या दिवशी दुपारी १२ ते ६ थांबायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते १२. मधल्या रात्री काय उतरलं ते चौकशी करून लिहायचं. बोटी पंधरापर्यंत असतील तर सगळ्या पाहायच्या, जास्त असतील तर ठरलेल्या अंतराने निवडायच्या. तुमची आवडती बोट निवडायची मुभा नाही. ओळखीचा तांडेल हाक मारतो, चहा विचारतो, तरी यादीत त्याचा नंबर नसेल तर पुढे जायचं.

या पद्धतीचं बळ असं की यात तांडेलाला स्वतः काही लिहावंच लागत नाही. मोजणाऱ्याला त्याच्या करसवलतीशी देणंघेणं नाही, आणि तांडेलाला मोजणाऱ्याशी खोटं बोलून काही मिळत नाही. दांडियाबाजार, तुम्ही आकड्याला पैसा बांधायला निघाला आहात. ज्या दिवशी आकड्यावर कोणाचा फायदा ठरतो, त्या दिवसापासून तो आकडा बिघडायला लागतो. चीनचं प्रकरण आठवा. तिथे स्थानिक अधिकाऱ्यांची बढती उत्पादनवाढीवर ठरायची, म्हणून पकडीचे आकडे दरवर्षी चढत गेले. २००१ मध्ये वॉटसन आणि पॉली या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की चीनचे फुगलेले आकडे काढून टाकले तर जगाची पकड १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून घटते आहे. एका देशाच्या खोट्या बेरजेमुळे साऱ्या जगाला समुद्र भरलेला वाटत होता. कमी सांगणं जितकं वाईट तितकंच जास्त सांगणंही.

आता हिशेबनीसांना. आमच्या पद्धतीत दोन गोष्टी दिसत नाहीत आणि त्या मला आयुष्यभर सलल्या. एक, जागा. बोट बंदरात आली की तांडेल म्हणतो "बाहेर गेलो होतो", आणि आम्ही खोली विचारून लिहितो. दुसरी, फेकलेली मासळी. पूर्वी बोटी सकाळी जाऊन संध्याकाळी यायच्या, तेव्हा बरंचसं किनाऱ्यावर यायचं. बहुदिवसीय फेऱ्या सुरू झाल्यावर बर्फाचा खण मौल्यवान झाला. पहिल्या दिवसांची बारीक, स्वस्त मासळी समुद्रातच जाते. शेवटच्या एकदोन दिवसांची तेवढी मासळीची भुकटी करणाऱ्या गिरणीसाठी आणली जाते. बंदरावर मला दिसते ती हीच शेवटच्या दिवसांची. माझ्या तक्त्यात त्या फेकलेल्या पिल्लांसाठी रकाना नव्हता. ती पिल्लं पुढच्या वर्षीची वाकटी आणि राणी होती.

म्हणून माझं मत असं. सगळ्या बोटींवर सक्ती नको. थोड्या बोटी घ्या, यादृच्छिक निवडा किंवा मनापासून तयार असलेले तांडेल घ्या. त्यांच्याशी नीट बोला आणि त्यांचीच नोंद खरी ठेवा. पन्नास खऱ्या वह्या मला पाच हजार खोट्या वह्यांहून जास्त उपयोगी.

कारेलीबाग ब्लॉक तीन

तांडेलाकडून काही लिहून घ्यायची गरजच कमी करता येईल. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला सुरू झालेली ट्रान्सपाँडरची, म्हणजे बोटीची जागा उपग्रहामार्फत कळवणाऱ्या यंत्राची, योजना पाहा. एक लाख बोटी, सुमारे ३६० कोटी रुपये, इस्रोचं तंत्र. मुख्य हेतू सुरक्षेचा आहे. वादळाचा इशारा, संकटाचा संदेश, सीमारेषा जवळ आली की सूचना. पण ठराविक वेळाने जागा समजत असेल तर त्यावरून वेग कळतो. ट्रॉल ओढताना बोट दोन ते चार नॉटने (ताशी सागरी मैलांनी) चालते, येताजाताना त्याहून वेगात. म्हणजे किती तास जाळं पाण्यात होतं आणि कुठे, हे तांडेलाची झोप न मोडता निघतं. मासळी बंदरावर मोजा, श्रम आकाशातून मोजा.

उरलं फेकलेलं. त्यासाठी कॅमेरा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात तळमासळीच्या गळाच्या बोटींवर २००६ पासून शंभर टक्के कॅमेरे आहेत. सगळं चित्रण कोणी पाहत नाही. दहा टक्के भाग यादृच्छिक काढून लॉगबुकशी ताडतात. जुळलं तर पुढे. नाही जुळलं तर सगळं पाहतात आणि खर्च बोटमालकाचा. यामुळे तिथे लॉगबुक खरं लिहिलं जातं.

हिशेबनीस

कॅमेरा! ज्या बोटीवर आठदहा माणसं आठ दिवस एका लहान केबिनभोवती राहतात, आंघोळ, जेवण, झोप सगळं उघड्यावर, तिथे चोवीस तास कॅमेरा? गळाच्या बोटीवर मासा एकेक वर येतो, तो मोजता येतो. ट्रॉलच्या ढिगात काय दिसणार?

आणि ट्रान्सपाँडर सुरक्षेसाठी म्हणून लावून घ्यायचा आणि मागून पकडीच्या तपासणीला वापरायचा, हे विश्वासाला धरून नाही. पोरबंदर-ओख्याकडच्या बोटी सीमेजवळ पकडल्या जातात, खलाशी वर्षानुवर्षं कराचीच्या तुरुंगात काढतात. त्यांच्या घरच्यांना तो डबा म्हणजे जिवाचा आधार वाटतो. दंडाच्या भीतीने कोणी तो बंद करून ठेवला तर वादळात त्याला शोधणार कोण? तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा मे २०२१ मध्ये ऊना-जाफराबादच्या बाजूला काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. जेटीवर बोटीवर बोट चढली होती. जीव वाचवणाऱ्या यंत्राला हिशेबाचं काम लावू नका, एवढी कळकळीची विनंती.

कारेलीबाग ब्लॉक तीन

दादा, दंडासाठी वापरू नये हे एकदम मान्य. डबा बंद करायचं कारण आपणच द्यायचं नाही. पण बोटींची नावं काढून नुसते तास शास्त्रज्ञांना दिले तर?

वसईची लेक

माहेर वसईचं, सासर बडोद्याचं, पंचवीस वर्षं झाली. आमच्या घरी तीन पिढ्या डोल जाळ्याची (प्रवाहात एका जागी बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची) होडी. मासळी माझी आई विकायची, आजीही विकायची. इथे सगळी चर्चा बोट, तांडेल, यंत्र यांची चालली आहे. बायका कुठे आहेत?

मासा लहान झाला हे कळायला माझ्या आईला लॉगबुक लागलं नाही. एका वाट्यात पूर्वी किती पापलेटं बसायची आणि आता किती बसतात, ते तिच्या हाताला ठाऊक. लिलावात कुठल्या बोटीचा माल काय भावाने गेला, कुठला मऊ पडला, कुठल्या टोपलीत वर मोठी आणि खाली पिल्लं, हे तिला तोंडपाठ असायचं. तिला कोणी कधी विचारलं नाही. मोजणीवाले काका, तुमचा राग नाही, पण तुमच्या तक्त्यात तिच्यासाठी तरी रकाना होता का?

माझं म्हणणं वेगळं आहे. हजारो बोटींच्या मागे कशाला धावता? मासळी शेवटी थोड्याच दारांतून जाते. बारीक मासळी भुकटीच्या गिरणीच्या दारातून, राणीमासा सुरिमीच्या (माशाच्या लगद्याच्या) कारखान्याच्या दारातून, मोठा माल निर्यातदाराच्या दारातून. गिरणीच्या काट्यावर ट्रक वजन होतो, पावती फाटते, पैसे त्यावरच मिळतात. तिथे कोणी खोटं वजन लिहीत नाही, कारण पैसे तिथेच आहेत. त्या पावतीवर बोटीचा नंबर आणि आठवड्यातून एकदा एका टोपलीची जात-लांबी लिहायची सक्ती करा. बोजा गिरणीवर टाका, खलाशावर नको. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. ती बोटीवर कोण तपासणार? तीही गिरणीच्या दारात तपासा. पिल्लू विकत घेणारा नसेल तर आणणारा आणणार नाही.

आणि छोट्या होड्यांना यात ओढू नका. सकाळी जाऊन दुपारी परत येणारा माणूस काही लपवत नाही. तो काय आणतो ते सगळ्या गावासमोर वाळूवर पडतं.

दांडियाबाजार

ताई, हे मला सुचायला हवं होतं. मी त्याच गिरण्यांच्या शेजारी खोकी मोजत असतो. खरेदीचं रजिस्टर, काट्याची पावती, बँकेतलं पेमेंट हे तिन्ही एकमेकांशी ताडता येतं, आणि हे काम तर आमचंच. बोटीचं रजिस्टर तपासायला समुद्रात जावं लागतं, गिरणीचं तपासायला रिक्षाने जाता येतं.

पण एक अडचण तशीच उरते. फेकलेली मासळी कुठल्याच दारातून जात नाही. आणि तुम्ही गिरणीच्या दारात लहान मासा नाकारला तर तो समुद्रातच फेकला जाईल आणि कागदावर सगळं छान दिसेल. मी अजूनही म्हणतो, बोटीवरची नोंद टाळून चालणार नाही.

वसईची लेक

हे खरं आहे. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

नर्मदाकाठ

मुद्दा थोडा बाजूचा आहे, पण सांगतो. नोकरीसाठी रोज बडोदा-भरुच करतो. पावसाळ्यात नर्मदेच्या मुखातून पाला वर चढतो, बंगाली ज्याला इलिश म्हणतात तो. भाडभूतच्या बाजूला छोट्या होड्या गिलनेट लावून तो पकडतात, संध्याकाळी विकून मोकळे होतात. बराचसा कोलकात्याला जातो. भाडभूतला बंधाऱ्याचं काम सुरू झालं तेव्हापासून तिथले मच्छीमार विचारताहेत की मासा वर कसा चढणार आणि आमचं काय होणार.

मी त्या लोकांशी बोलतो तेव्हा एकच वाटतं. याच होडीवाल्यांकडे गेल्या दहा वर्षांची वही असती तर? किती दिवस गेलो, किती पाला मिळाला. उद्या भरपाईच्या टेबलासमोर "पूर्वी खूप मिळायचा" या वाक्याला किंमत नाही, वहीला आहे. हिशेबनीस, तुम्ही नोंद म्हणजे सरकारने ठेवलेली पाळत असं मांडताय. मला ती मच्छीमाराच्या हातातला पुरावा वाटते. म्हणून ताईंच्या उलट मी म्हणेन की छोट्या होड्यांनाच वहीची जास्त गरज आहे. फक्त ती वही त्यांच्या मालकीची हवी.

फतेगंज

एवढी मारामारी कशासाठी तेच कळत नाही. २०२२ च्या अहवालात कोचीच्याच संस्थेने मासळीचे १३५ साठे (एकेका भागातली एकेक जात) तपासले आणि ९१.१ टक्के निरोगी निघाले. जगात किती देशांना हे म्हणता येतं? आजारी नसलेल्या माणसाला रोज रक्त तपासायला लावायचं? त्यापेक्षा तेवढा पैसा जेटी, बर्फ आणि वादळाच्या विम्यावर घाला.

मोजणीवाला

तो अहवाल मलाही अभिमानाचा वाटतो, आणि त्यातला प्रत्येक आकडा आमच्यासारख्यांनी वाळूत उभं राहून गोळा केलेला आहे. पण तो वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. साठा निरोगी आहे हे ठरतं ते उतरलेल्या मासळीवरून आणि तिच्यासाठी केलेल्या श्रमावरून. बोटी दूर जाऊ लागल्या, फेऱ्या लांबल्या, इंजिनं मोठी झाली, तर तेवढीच मासळी आणायला किती जास्त ओढावं लागतंय हे दिसायला हवं. ओढीचे तास नसतील तर न्यूफाउंडलंडसारखंच होईल. शेवटपर्यंत बोटी भरून येतील आणि आपण निश्चिंत राहू. दुसरं, उरलेल्या नऊ टक्क्यांत कोणत्या जाती आहेत ते बघा. एकेका बंदराचं पोट एकेका जातीवर चालतं.

घोळ माशाचंच घ्या. गुजरातने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला राज्यमासा केलं. त्याच्या पोटातल्या हवेच्या फुग्यासाठी लाखात भाव येतो, म्हणून एखादी बोट एका ओढीत सुखी होते. असा मासा बंदरावरच्या नमुन्यात सापडणं कठीण, कारण तो टोपलीत येत नाही, कापडात गुंडाळून थेट व्यापाऱ्याकडे जातो. आपला राज्यमासा दरवर्षी किती पकडला जातो हे नमुना-मोजणीने नीट सांगता येणं अवघड आहे. अशा जातीसाठी तरी ताईंचा दाराचा मार्ग हवाच. खरेदीदार मोजकेच असतात.

दांडियाबाजार

एक जुनी आठवण इथे देतो, कारण आपण बडोदेकर आहोत. ओखामंडळ आणि कोडिनार ही एकेकाळी बडोदा संस्थानची होती. म्हणजे या शहराला समुद्र होता. सयाजीराव महाराजांच्या काळात जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाला बोलावून ओखामंडळच्या सागरी प्राण्यांची पाहणी करवून घेतली गेली आणि त्याचा पहिला अहवाल १९०९ मध्ये छापला. ज्या संस्थानाची राजधानी समुद्रापासून इतकी आत होती, त्याला आपल्या किनाऱ्यावर काय आहे हे मोजून घ्यावंसं वाटलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

हिशेबनीस, मी माझी एक अट मागे घेतो. डिझेलची सवलत किलोंशी किंवा जातींशी जोडायची नाही. मोजणीवाल्यांनी चीनचं सांगितलं ते बरोबर आहे, आणि तुमचा एका पेनाचा मुलगा डोळ्यांसमोरून हलत नाही. पण बोटीवर काहीतरी लिहिलं जावं हे मी सोडत नाही. किमान दोनच गोष्टी. किती ओढी, आणि प्रत्येक ओढीतून किती टोपल्या समुद्रात परत. जागा नको, किलो नको, जाती नको. यालाही तुमचा नकार आहे?

हिशेबनीस

काल रात्री बोटीवरच्या एका तांडेलाशी बोललो. चौथ्या दिवशी रेंजमध्ये आला होता. तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. आधी हसला. मग म्हणाला, टोपल्या मोजायला काही लागत नाही, निवडणाऱ्या पोराला विचारलं की तो सांगतो. भिंतीवर खडूने रेघा मारता येतील. मग गप्प राहिला आणि म्हणाला, "पण भाई, ते लिहून मला कोण काय सांगणार?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याने आजवर दिलेली कुठलीही माहिती त्याच्याकडे परत आलेली नाही. टोकनला माहिती दिली, निर्यातीला दिली, मोजणीवाल्यांना खोली सांगितली. पुढच्या वर्षी कुठे काय झालं, हे कोणी येऊन त्याला सांगितलं नाही.

दोन रकान्यांना माझा नकार नाही. सवलतीशी जोडायला आजही पूर्ण विरोध आहे, आणि अर्धवट मागे घेतलेली अट उद्या कोणीतरी पुन्हा पुढे करेल ही भीतीही आहे. युरोपने १० जानेवारी २०२६ पासून पकड-प्रमाणपत्रं संगणकप्रणालीत आणली. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये १२ सागरी मैलांपलीकडच्या पाण्यासाठी यांत्रिक बोटींना ऑनलाइन पास आला. दर सहा महिन्यांनी नवा पडदा, नवा पासवर्ड. बोटमालकाचा पोरगा ते भरतो, तांडेलाला पत्ताही नसतो. तुमचे दोन रकाने त्या पडद्यांच्या रांगेत गेले तर तेही मेले.

मोजणीवाला

"मला कोण काय सांगणार" याचं उत्तर आम्हीच द्यायला हवं होतं. नोकरीत असताना माझे तक्ते वर जायचे, बंदरावर परत काही यायचं नाही. ते मला तेव्हा खटकलंही नाही.

हिशेबनीस, त्या तांडेलाला माझ्याकडून एक निरोप द्या. बंदीनंतर नवा हंगाम सुरू झाला की त्याने खडूच्या रेघा माराव्यात, परत आल्यावर भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून तुमच्याकडे पाठवावा. बोटीचा नंबर मला नको, जागा नको. तुमच्या तीनही बोटींचे फोटो आले तर मी घरी बसून वहीत उतरवीन, आणि दर महिन्याला एका कागदावर त्याला समजेल असं परत पाठवीन. कुठल्या फेरीत टोपलीमागे किती फेकलं, मागच्या महिन्यापेक्षा वाढलं की घटलं. वसईच्या ताई, लांबी मोजायची पट्टी कशी धरायची ते तुमच्या आईंना माहीत असेल. गिरणीच्या दारात एक टोपली मोजायला कोणी बाई तयार असेल तर तिला विचारून सांगा.

वसईची लेक

आई पंच्याऐंशीची आहे, पण विचारते. मावसबहीण वेरावळला कोळंबी सोलायला जाते, ती तयार होईल. तिला मोजायचे पैसे मिळायला हवेत, फुकट नाही.

मोजणीवाला

नक्कीच. मी आणि दांडियाबाजार मिळून देऊ.

दांडियाबाजार

माझ्याकडून हो. ऑगस्टमध्ये शीतगृहांच्या कामाला जाणारच आहे. हिशेबनीस, जेटीवर भेटू. खडू मी आणतो.